मिठाची पुडी

३ नोव्हेंबर, सोमवार

वहिनीचं बाळ वाढत नाहीये.

लिहून टाकलं. दिवसभर हे वाक्य डोक्यात भणभणतंय, कागदावर तरी एका जागी बसेल.

आज सोनोग्राफी झाली. तिसावा आठवडा चालू आहे आणि बाळ अठ्ठाविसाव्यातलं दिसतंय. वहिनीचं वजन महिनाभरात तसूभर हललेलं नाही. रक्त कमी. डॉक्टरबाईंनी दोनदा मोजलं, मग माझ्याकडे वळून म्हणाल्या की नाळेतून रक्त नीट जातंय, दुसरं काही वावगं दिसत नाही, म्हणजे खाण्यातच कुठेतरी पाणी मुरतंय. "पंधरा दिवस देते. सतराला पुन्हा बघू. नाहीच वाढलं तर दाखल करून घेईन. कदाचित लवकर बाहेर काढावं लागेल."

आणि वर हसून — आहाराचं बघणारी मुलगी घरातच आहे म्हटल्यावर मला काय काळजी!

मेल्याहून मेल्यासारखं झालं. याच प्रसूतिगृहात, वजनकाट्याशेजारच्या टेबलाशी, गेले सहा महिने मी बसते. येणाऱ्या प्रत्येक गरोदर बाईला सांगते काय खा, किती खा. आणि माझ्याच घरातलं बाळ दोन आठवडे मागे.

घरी आल्या आल्या वहिनीचे तक्ते काढले. तक्ता हे आमच्या कामाचं मुख्य हत्यार. काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय खाल्लं, ते बाईला विचारायचं आणि एकेका रकान्यात भरायचं. वहिनीचे तर मी स्वतः भरते. तिला विचारायचंही काही नसतं, स्वयंपाक माझ्यासमोरच होतो. दूध, डाळ, भात, पालेभाजी, फळ. आणि रोज एक उकडलेलं अंडं. त्याच्यापुढे रोज बरोबरची खूण. एकही रकाना रिकामा नाही.

मग जातं कुठे हे सगळं?

४ नोव्हेंबर, मंगळवार

डब्यात आज पुन्हा अंडं. शेजारी कागदाच्या चौकोनी पुडीत चिमूटभर मीठ. महिना झाला, रोज असतं. आईला मी अजून परीक्षेला चाललेलीच वाटते! खाऊन टाकलं. भूक लागली होती.

६ नोव्हेंबर, गुरुवार

मोठ्या सिस्टरांना वहिनीचे तक्ते दाखवले. तीस वर्षं त्या वजनकाट्यावर आहेत. चष्मा दोरीने गळ्यात, आणि बाई दारातून आत आली की काट्यावर चढायच्या आधीच वजन सांगतात — फार तर अर्धा किलो चुकतात. त्यांनी तक्ते पाहिले. मग माझ्या ढिगातले इतर बायकांचेही काढून पाहिले. एकूण त्रेचाळीस. सगळे सुबक, सगळे भरलेले. मागच्या महिन्यात वरच्या ऑफिसातून शाबासकी आली होती ती यांच्याच जोरावर.

सिस्टर म्हणाल्या, "तुझे कागद छान जेवतात गं. बायका जेवतात का?"

मला राग आला. तसं दाखवलं नाही. म्हटलं, मी प्रत्येकीला समोर बसवून विचारते, मनचं काही लिहीत नाही. त्यांनी ढीग परत दिला आणि पुढच्या बाईला काट्यावर बोलावलं.

दिवसभर ते शब्द खुपत राहिले. तीस वर्षांचा अनुभव मान्य. पण शिकून आलेय ते काय उगाच?

९ नोव्हेंबर, रविवार

आज घरात डोळ्यांत तेल घालून बसले होते. तर सगळं यथासांग! वहिनीचं ताट भरलेलं. आईने स्वतः वाढलं. दादा मध्येच म्हणाला, "तुझ्या नजरेनंच दृष्ट लागेल तिच्या घासाला. जेवू दे जरा." हसायला झालं सगळ्यांना. मग दादाला कुणाचा तरी फोन आला, मी पाणी आणायला उठले, परत येते तो वहिनीचं ताट रिकामं. इतक्या लवकर?

फ्रिजमधली अंडी मी रोज संध्याकाळी मोजते. रोज एक कमी होतं. "अंडं झालं?" विचारलं की वहिनी म्हणते, झालं.

बाहेरच्या खोलीत माझ्या पदवीचं प्रमाणपत्र टांगलंय. या घरातलं पहिलंच. आई रोज सकाळी त्याची काच पुसते. आज पुसताना म्हणाली, "सारखं सारखं बाळ बारीक आहे, बारीक आहे नको म्हणूस तिच्यापुढे. बारीक असलं तर बिघडलं कुठे?"

मी व्याख्यान दिलं. कमी वजनाच्या बाळाला काय काय त्रास होतो ते सगळं. आई काच पुसत राहिली. पुसून झालेली काच.

१० नोव्हेंबर, सोमवार

आज माझी जिरली. नीट लिहून ठेवते, म्हणजे विसरणार नाही.

बेकरीत काम करणारी बाई आली होती. आठवा महिना, हात पिठाचे, बोलायला फटकळ. मी तिला आवडते. तक्ता भरला — डाळ, भात, भाजी, पाव, केळं. पाठोपाठ सिस्टरांनी वजन घेतलं. वाढ शून्य. माझ्या देखतच सिस्टरांनी स्टूल ओढलं आणि गप्पा मारल्यासारखं विचारलं, काल तू जेवायला बसलीस तेव्हा पातेल्यात काय होतं?

ती हसली. "पातेल्यात? पातेलं तर मी घासत होते. तळाशी लागलं होतं ते खरवडून खाल्लं आणि घासायला घेतलं."

मी म्हटलं, अहो, पण तुम्ही मला डाळ, भात, भाजी सांगितलंत!

"तुम्ही विचारलंत काल जेवायला काय होतं. होतं ते सांगितलं. मला किती मिळालं ते कुठे विचारलंत?"

काही दुष्टावा नव्हता बोलण्यात. सरळ हिशेब. मी विचारलं ते घराचं जेवण, तिने सांगितलं ते घराचं जेवण. आणि मी लिहिलं तिच्या नावावर.

त्रेचाळीस तक्ते. त्रेचाळीस स्वयंपाकघरं मी लिहून काढली, आणि त्यात बाई एकही नाही.

संध्याकाळी बसथांब्यावर उभी होते तेव्हा लक्षात आलं. वहिनीला तर मी तेवढंही विचारलेलं नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार



अर्ध्या दिवसाची रजा घेतली, कुणाला न सांगता. एकच्या सुमाराला घरी पोचले. आई बाजारात गेली होती. वहिनी ओट्याशी उभी राहून चहात पाव बुडवून खात होती. अर्धा पाव. उरलेला अर्धा पुन्हा कागदात गुंडाळत होती.

मला बघून दचकली. म्हणाली, जेवण झालंय मघाशीच, हे आपलं उगाच. मी पातेल्यांवरची झाकणं उचलली. भात जसाच्या तसा. डाळीला डाव लागलेला नाही. "अंडं?"

"झालं."

मी चिडायचं नाही असं ठरवून आले होते. म्हटलं, चल, मीही जेवायचीच आहे, दोघी बसू. पिशवीतून डबा काढला, उघडला. भाजी, पाव, चौकोनी पुडी.

आणि अंडं.

काल संध्याकाळी ट्रेमध्ये सहा होती. उठून फ्रिज उघडला. पाच. ओट्यावर अंडं उकडायचं छोटं भांडं पालथं पडलेलं — त्यात दोन अंडी मावतच नाहीत. म्हणजे या घरात रोज एकच अंडं उकडतं!

डबा कोण भरतं, मी विचारलं. मला वाटायचं आई. वहिनी खाली बघत म्हणाली, मी.

महिनाभर. महिनाभर मी वहिनीचं अंडं खातेय, तिने पुडीत बांधून दिलेलं मीठ लावून, आणि घरी येऊन तिच्या तक्त्यावर बरोबरची खूण करतेय. दिव्याखाली अंधार म्हणतात. इथे तर दिवाच तेल पिऊन बसला होता.

का, विचारलं. तिने गुंडाळलेला पाव आधी डब्यात ठेवला. मग म्हणाली, "तू रोज अंडी मोजतेस. एक कमी व्हायलाच हवं. आई अन्न टाकू देत नाहीत. मग कुणीतरी खायला हवं ना. तू दिवसभर उभी असतेस — तू खा."

स्वतः का खात नाही, हे तिने सांगितलं नाही. एवढंच म्हणाली — "आईंना विचार. पण ओरडू नकोस त्यांच्यावर."

१३ नोव्हेंबर, गुरुवार

ओरडले. कालच. आई बाजारातून आली, पिशवी खाली ठेवायच्या आत. तुम्ही दोघी मिळून त्या बाळाला उपाशी मारताय, असं म्हणाले. हे वाक्य मी म्हटलं. मीच, जी टेबलाशी बसून बायकांशी गोड बोलते. आई आत निघून गेली.  दादाला काय झालंय ते कळेना.

आज कामावरून आले तर आई शेंगा सोलत बसली होती. मला म्हणाली, बस. सोल.

आणि सोलता सोलता सांगितलं. माझ्याकडे एकदाही न बघता.

दादाच्या आधी एक होती. मुलगी. मला हे आजपर्यंत माहीत नव्हतं! पंचवीस वर्षं या घरात राहून माहीत नव्हतं. आई तेव्हा माझ्याहून लहान. तिच्या आईचा फार जीव तिच्यावर — माहेरी नेऊन ठेवलं, दूध, लोणी, फळं, हातात घास धरून मागे फिरायची. बाळ पोटातच मोठं झालं. दोन दिवस कळा दिल्या आईने. डोकं अडकलं. सुटली तेव्हा बाळ रडलं नाही. केस भरपूर होते म्हणाली.

नंतर जो येईल तो म्हणायचा, इतकं खाऊ घालतं का कुणी? आजीने ते ऐकलं आणि पुन्हा कधी आईला हाताने वाढलं नाही. मरेपर्यंत.

"दादाच्या वेळी मी अर्धपोटी राहिले. तुझ्या वेळीही. दोघं सुखरूप आलात. हिची तर चणच किती लहान, बघितलीस?" मग शेंगांचं ताट माझ्याकडे सरकवलं. "तुझ्याकडे त्रेचाळीस कागद आहेत. माझ्याकडे तीन मुलं आहेत."

माझ्याकडे उत्तर होतं. चार पानांचं. मी शेंगा सोलत राहिले.

नंतर वहिनी गच्चीवर कपडे काढताना म्हणाली की आईंनी तिला खाऊ नको असं कधीच सांगितलं नाही. त्यांनी फक्त त्यांचं सांगितलं. "मग माझ्याच घशाखाली उतरेना गं. ताट समोर आलं की ते दोन दिवस आठवतात."

रविवारचं ते ताटही आईनेच रिकामं केलं असणार. दोघींनी मिळून हे सांभाळलं. माझ्यापासून. कारण मी रागावले असते. आणि मी रागावलेच.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

डब्यात अंडं. सगळं उघड झालं तरी!

न खाता परत आणलं, वहिनीच्या ताटाशेजारी ठेवलं. तिने उचलून दादाच्या ताटात टाकलं. दादाने आईच्या. आईने झाकून ठेवलं. दादाला आता सगळं कळलंय, तरी जीभ आवरत नाही — म्हणाला, एवढं फिरवलंत तर पिल्लूच निघेल त्यातून. कुणी हसलं नाही. मग तोही जेवला नाही नीट.

तीन दिवस उरले.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सकाळीच सिस्टरांना आणि डॉक्टरबाईंना सांगून टाकलं की माझे त्रेचाळीसही तक्ते चुकलेत, वर कळवा. वाटलं होतं बोलणी बसतील. डॉक्टरबाई म्हणाल्या कळवते, आणि नवीन कोरे कागद पुढे केले.

आज दोनच प्रश्नांनी सुरुवात केली. तू जेवायला बसलीस तेव्हा पातेल्यात काय उरलं होतं? आणि — जास्त खायची भीती वाटते का?

नऊ बायका आल्या. पाचजणी भीतीच्या प्रश्नावर आधी दाराकडे बघायच्या, मग हो म्हणायच्या. मोठं बाळ अडतं. सासूचं अडलं होतं, बहिणीचं, शेजारणीचं. बेकरीवालीही परत आली होती, औषध न्यायला. तिला विचारलं तर फटकळपणा कुठच्या कुठे गेला. आवाज खाली आणून म्हणाली, मला वाटायचं मलाच वाटतं.

सहा महिने मी यांना लोह, प्रथिनं, पालेभाजी शिकवत होते. त्यांना ते पाठ आहे. पोटात भीती बसली असेल तर पालेभाजी जाईल कुठे?

सिस्टरांना आईचं सांगितलं. ऐकून घेतलं सगळं. मग म्हणाल्या, "तिला समजवायला जाऊ नकोस. सोमवारी घेऊन ये. तिला काहीतरी विचारायचं राहिलंय."

१६ नोव्हेंबर, रविवार

आईला म्हटलं, उद्या चलतेस? मी काही बोलणार नाही, वचन देते.

उठून आत गेली. पण संध्याकाळी चपला पुसून दाराशी ठेवलेल्या दिसल्या.

वहिनी आज अर्धा भात जेवली. मी दुसरीकडे बघत बसले. मनातल्या मनात घास मोजत होते, ते मात्र थांबवता आलं नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

बाळ वाढलंय. थोडंसं. पुरेसं नाही.

डॉक्टरबाईंनी सोनोग्राफीचा पडदा आमच्याकडे फिरवला. आईने प्रथमच पाहिलं. पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली होती. डॉक्टरबाई म्हणाल्या, आणखी एक आठवडा थांबू, ठोके चांगले आहेत. येत्या सोमवारपर्यंत वाढलं नाही तर दाखल. मी दातांत जीभ धरून उभी. वचन दिलं होतं.

आई म्हणाली, "आणि मोठं झालं न् अडलं तर?"

एवढंच. तीस वर्षांत कुणाला विचारलं नसेल.

डॉक्टरबाईंनी खुर्ची जवळ ओढली. तेव्हाचं विचारलं — कुठे होतात, कोण होतं, दवाखाना किती लांब. आई सांगत गेली. एक सुईण होती, दुसऱ्या दिवशी तीही हात टेकून निघून गेली. दवाखाना नव्हताच. डॉक्टरबाई म्हणाल्या की प्रत्येक वेळी तपासून बघू, अडेल असं वाटलं तर आधीच ठरवू, शस्त्रक्रियेची खोली या भिंतीपलीकडे आहे. "अडलेलं मूल मला सोडवता येतं. न वाढलेलं मूल मला वाढवता येत नाही. ते तुमच्या घरात वाढतं."

मग जरा थांबून म्हणाल्या, "तुमची मुलगी तुमच्या आईनं खाऊ घातलं म्हणून नाही गेली. सोडवायला कुणी नव्हतं म्हणून गेली."

आई पडद्याकडेच बघत होती. मला वाटलं ऐकलंच नाही.

"म्हणजे माझ्या आईचं काही चुकलं नव्हतं?"

"नाही."

मोठ्या सिस्टर दारात उभ्या होत्या. त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

येताना बसमध्ये आई खिडकीशी बसली. वहिनी तिच्या शेजारी, मी मागे. दोन थांबे गेल्यावर आई कुणालाच उद्देशून नसल्यासारखी म्हणाली, "माझ्या आईला सांगायला हवं होतं कुणीतरी."

घरी आल्यावर काही बदललं नाही. वहिनीने अर्धंच ताट खाल्लं. आई जेवलीच नाही, लवकर आडवी झाली. मी स्वयंपाकघर आवरलं. ट्रेमध्ये चार अंडी. आज मोजायची नाहीत असं ठरवलं होतं.

तक्ता कोरा ठेवलाय. भरायला हात होत नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी निघताना वहिनी झोपलेली होती. सातला! असं कधी होत नाही. डबा दाराशी तयार होता, आणि गॅसवर अंड्याचं छोटं भांडं अजून उकळत होतं.

दुपारी उघडला. भाजी, पाव. मिठाची पुडी होती — चौकोनी नाही, वर पीळ घातलेली. आईच्या हातची.

अंडं नव्हतं.